नत्र, स्फुरद आणि मढची बोटुकली

माळशेज घाट चढून एसटी मढला थांबली, तेव्हा धरणाचं पाणी उन्हात लखलखत होतं. मी रत्नागिरीची. जहाजानं सामुद्रधुनीत जायचं आणि त्या अरुंद वाटेनं वाहणाऱ्या समुद्राच्या पाण्यात नत्र (नायट्रोजन) किती, स्फुरद (फॉस्फरस) किती, त्यांचं प्रमाण काय हे मोजायचं, हा माझा उद्योग. या वेळी मात्र प्रयोगशाळेतल्या सुमननं आपल्या आईवडिलांकडे, कौसाबाई आणि भिवाभाऊंकडे, पाणी तपासायला पाठवलं होतं.

घराणं मेंढ्या राखणारं, जोडीला थोडी शेती. थोड्या मेंढ्या अजून दारात आहेत. यंदा दोघांनी धरणाच्या चिंचोळ्या फाट्यात जाळं बांधून बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडली होती. आता फाट्याच्या तोंडाशी शेवाळाचा हिरवा तवंग दिसू लागला होता.

"हितं कोंडून मरत्याल. उद्या जाळं मोठ्या पाण्यात न्यायचं," भिवाभाऊ म्हणाले.

"न्हाई! हितलं पानी वाहतं हाय," कौसाबाई ठाम.

जेवायला मासवडी होती (बेसनाची वडी, मासा फक्त नावात). नत्र-स्फुरदाचं मी हळूहळू समजावायला लागले, तर भिवाभाऊ हसले. "मॅडम, आमी शेतकरी. खताच्या गोणीवर तेच छापलेलं असतंय की!" विद्यार्थ्यांना हे सांगायला मला आठवडा लागतो.

सकाळी होडीतून दोन्हीकडचं पाणी आणलं. बाटल्या काठावर ठेवून वळले, तोच मेंढ्यांनी सगळ्या लवंडल्या. पुन्हा होडी, समोरून वारा. कौसाबाई वल्हं मारता मारता मेंढ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या आणि मी हसून हसून बेजार.

दुपारी नळ्यांत रसायनं टाकली. मोठ्या पाण्याची नळी गडद निळी झाली. म्हणजे स्फुरद भरपूर, त्यामानानं नत्र तोकडं; असल्या पाण्यात तवंग माजतो आणि मासे गुदमरतात. फाट्यातल्या पाण्यात मात्र प्रमाण चांगलं निघालं.

"जाळं हलवू नका," मी म्हणाले.

भिवाभाऊंनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. मग बायकोला म्हणाले, "तुझं खरं व्हतं."

कौसाबाईंनी पदरात तोंड लपवलं, पण हसू काही लपलं नाही.

रत्नागिरीला परतल्यावर काही महिन्यांनी कौसाबाईंचा फोन आला. "पावणं, मासं लई झ्याक वाढल्यात. खायाला कवा येताय?"

इतकी वर्षं समुद्राचं पाणी मोजलं; पण माझ्या आकड्यांची वाट बघत काठावर बसलेलं माणूस मला मढलाच भेटलं. रजेचा अर्ज मी त्याच दुपारी लिहिला.