हेलेबोरच्या कुंडीतली माती

हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. हल्ली सिद्दीकचा फोन आला की तुम्ही उठून गॅलरीत का जाता, असं बायको विचारते. मी म्हणतो, आत रेंज नाही. रेंज असते. मला भीती वाटते — अशा माणसाची, ज्याने आजवर माझ्याशी चढ्या आवाजात एक शब्द काढलेला नाही.

अझैबातल्या, म्हणजे मस्कतच्या एका उपनगरातल्या, रोपांच्या नर्सरीत मी सुपरवायझर आहे. मस्कतमध्ये कुंडी भरताना एकच विचार असतो — पाणी टिकलं पाहिजे. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. म्हणून आम्ही कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घालतो, सढळ हाताने घालतो, आणि त्यात पाणी धरून ठेवणारे जेलचे दाणे. हेलेबोरला नेमकं हेच चालत नाही. थंड देशातलं झाड ते, हिवाळ्यात फुलतं. त्याला कुजलेल्या पानांचं खत हवं, बागेची चांगली माती हवी, भरपूर जाड खडी, थोडा चुना. ओल हवी, पण साचलेलं पाणी मुळांना सोसत नाही.

हे मला माहीत नव्हतं, असं लिहिता आलं असतं तर! माहीत होतं. रोपं पाठवणाऱ्याने सगळं कळवलं होतं, आणि मी ते वाचलं होतं.

आमच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, जबल अख्दरच्या थंड डोंगरावर घर आहे. त्याची आई हिवाळाभर तिथे राहते. तिने परदेशात ही फुलं पाहिली होती, तिला ती अंगणात हवी होती. अर्बाबने विचारलं, माती तयार आहे? मी म्हणालो, तयार आहे.

नव्हती. खडी आणायची होती, पानांचं खत पुरेसं नव्हतं. पण अर्बाबला ‘अजून नाही’ म्हणायचं — ज्याने आखातात नोकरी केली नाही त्याला ही भीती कशी सांगू? माझा व्हिसा, वादी कबीरमधली मुलीची शाळा, राहतं घर, सगळं त्याच्या एका सहीवर. मग गोदामात होतं ते भरलं. कोकोपीट — तेही न धुतलेलं, खारट. वर सवयीने जेल. आणि अगदी वर, दिसण्यापुरता, पानांच्या खताचा थर. तो थर चुकून पडत नाही. तो मी हाताने नीट पसरला.

सिद्दीक आमचा ड्रायव्हर. रत्नागिरीकडचा, माझ्याहून थोडा मोठा. कुंड्या त्यानेच वर नेल्या, आणि हिवाळाभर तिथे राहून पाणी द्यायचं काम त्याच्याकडेच आलं. फोनवर चेष्टा करायचा — ‘दिनूशेठ, तू माळी, मी तुझा भिश्ती. हुकूम सोड.’

एकदा मात्र चेष्टा न करता म्हणाला, ‘पानं मान टाकतायत रे. पण बोट घातलं तर आत चिखल आहे. पाणी बंद करू?’

बंद कर म्हणालो असतो, तर त्याने विचारलं असतं, मग चिखल कशाने? त्याने कुंडी उकरली असती. ‘देत राहा,’ मी म्हणालो. ‘वरचा वारा सुकवतो.’

‘तू म्हणशील तसं. मेली तर फातिहा मी पढतो, अर्बाबला तू सांभाळ.’

झाडं मरतायत हे कळल्यावर अर्बाब मला घेऊनच वर गेला. आई दारात उभी. त्याने एक रोप धरून ओढलं. ते अलगद हातात आलं. मुळं काळी पडली होती, वास येत होता. आता कुंडी उपडी करील — आता जेल दिसेल — आता मला विचारील.

त्याने विचारलं, ‘पाणी कोण देत होतं?’

कुंडी कोणी भरली, असं नाही. पाणी कोण देत होतं.

‘सिद्दीक,’ मी म्हणालो. यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही. सिद्दीक माझ्याकडे बघत होता — ‘मीच सांगितलं होतं’ एवढंच बोलायचं होतं मला. मी खाली कुंडीकडे बघत राहिलो.

‘खलास,’ अर्बाब त्याला म्हणाला.

सिद्दीक आत सामान बांधत होता, तेव्हा मी कुंड्या घाईघाईने उताराखाली रिकाम्या केल्या. दरवाजा वाजला की हात थांबायचे. वाचलेली थोडी रोपं पुढे योग्य मातीत लावली. पुढच्या थंडीत ती फुलली. अर्बाबच्या आईने मला बोलावून शाबासकी दिली, आणि मी ती घेतली. सिद्दीकचा व्हिसा तोवर रद्द झाला होता. गावी त्याचं घर जोत्यापर्यंत आलं होतं, ते तिथेच थांबलं.

आता, बऱ्याच वर्षांनी, तो परत आलाय. अल मवालेहच्या भाजीबाजारात एका व्यापाऱ्याची गाडी चालवतो. मी त्या बाजारात जाणं टाळत होतो. गेल्या आठवड्यात बायकोच्या आग्रहाने गेलो, आणि मागून हाक आली — ‘दिनूशेठ! पिकलास की रे पार!’

त्याने चहा सांगितला. मला वाटलं, आता विचारणार. मनात उत्तरं जुळवत बसलो. तो कप खाली ठेवून म्हणाला, ‘एक कधीचं बोलायचं होतं. तुझी ती झाडं मी मारली. तू सांगितलंस तेवढंच घालत होतो, पण माझा हात सैल पडला असणार. तुला त्या दिवशी अर्बाबसमोर मान खाली घालावी लागली — मी बघितलं. राग ठेवू नकोस.’

इतकी वर्षं तो हे घेऊन जगत होता. तिथे, त्या क्षणी, एक वाक्य पुरलं असतं. आणि पुन्हा तीच भीती — तो माझ्याकडे कसा बघेल?

‘जाऊ दे, सिद्दीकभाई,’ मी म्हणालो. ‘मी कधीच विसरलो ते.’

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला माफ केलं.