तितीनाचा अर्धा सूर

आनिएल्लो पेर्कुओकोच्या नाकावर सदा राग, हे सानिता वस्तीतल्या गल्लीत कुणीही सांगेल. दुकानाच्या दारावरची घंटी बेसूर वाजते, एवढ्या कारणावरून त्यानं केस कापणाऱ्या बियाजोशी वर्षभर अबोला धरला होता. पण हा राग फुकटचा नव्हता. त्रेचाळीस वर्षं त्यानं हार्प्सिकॉर्ड सुरात लावण्यात घालवली. पियानोची ही आजी. तारांवर पिसाच्या टोकानं टिचकी मारते आणि हवा जरा दमट झाली की रुसून बसते. तिची मर्जी सांभाळता सांभाळता माणसांची सांभाळायला त्याच्याकडे काही उरलंच नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचा ऑपेरा त्याच्या मूळ थाटात गायचा, तर सगळी वाद्यं आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली लावायची, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. कागदावर सी मायनर लिहिलेलं असतं, वादक सी मायनरच वाजवतात, आणि आजच्या पियानोशी ताडून पाहिलं तर ते बी मायनर, म्हणजे अर्धा सूर खालची पट्टी, भरतं. यात कुणाची काही चूक नाही. आनिएल्लोच्या खिशातला चिमटा, म्हणजे सूर देणारा तो लोखंडी काटा, त्याच खालच्या सुराचा होता. त्याच काट्यावर त्यानं एक्याऐंशी साली गल्लीतल्या देवळात हार्प्सिकॉर्ड लावली, आणि त्याच्या बायकोनं, तितीनानं, आयुष्यातलं एकमेव ध्वनिमुद्रण केलं. नवऱ्यानं टाकलेल्या राणीचा विलाप. तितीनाला तेव्हा आठवा महिना होता. तिला दम पुरावा म्हणून लय मिनिटाला सहासष्ट ठोक्यांवर धरली. तरी ती मध्येच खुर्ची मागायची, त्यामुळे उशीर झाला आणि शेवटच्या सुरावर देवळाच्या मनोऱ्यातली दुपारी बाराची घंटा पडली. गाणं इतकं उतरलं होतं की पुन्हा घ्यायची कुणाची छाती झाली नाही. घंटा फितीत तशीच राहिली.

पोर झाली, लोरेदाना. ती दोन वर्षांची असताना तितीना गेली. आनिएल्लोनं त्या गाण्याची तबकडी कपाटात टाकून किल्ली लावली आणि पुन्हा कधी ऐकली नाही. मुलीलाही ऐकवली नाही. हे त्याचं चुकलंच.

म्हणून परवाच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लोरेदाना मोबाइल घेऊन धावत आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"पपा, आईचं गाणं! मिलानच्या कंपनीनं पुन्हा काढलंय. दीड महिना झाला, मी रोज स्वयंपाक करताना ऐकतेय. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

गाण्याखाली माहिती लिहिली होती. पट्टी, सी मायनर. लय, सत्तर. भाव, प्रसन्न.

"प्रसन्न?" आनिएल्लो ओरडला. "राणी मरायला टेकलीय आणि प्रसन्न?"

"ते मशीन लिहितं हो. तुम्ही ऐका तरी."

चार ओळी झाल्या नाहीत तोच तो उठून उभा राहिला. काटा गुडघ्यावर आपटून त्यानं कानाला लावला.

"बंद कर. ही तुझी आई नाही."

"पपा, काहीतरीच काय बोलता!"

"तितीनाचा आवाज घागरीतून आल्यासारखा होता. ही कोण चिमणी?"

त्यानं मिलानला फोन लावला. तिथल्या ब्रुझादेल्ली नावाच्या माणसानं अगदी गोड आवाजात अक्कल पाजळली. "सिन्योरे, वेष्टनावर सी मायनर होतं आणि फीत भरत होती बी मायनर. म्हणजे त्या वेळचं मशीन हळू चाललं होतं. आम्ही फीत थोडी जलद केली, तसा सूर अर्ध्यानं वर आला आणि चूक दुरुस्त झाली."

"चूक? वाद्यंच खाली लावली होती. मी लावली होती, या हातांनी!"

"तशी कुठे नोंद नाही. आणि रागावू नका, पण वयानुसार कानही उतरतात हो."

आनिएल्लोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांपूर्वी या शहरात सगळे गाढव होते, मशीन कसं चालवायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता मिलानचे शहाणे येऊन मेलेल्या बाईला सुरात आणणार! तिच्या दोन ओळींमधले श्वाससुद्धा यांनी कातरले होते. आठव्या महिन्यातल्या बाईचे श्वास. त्यातला अर्धा लोरेदानाचा होता.

ईस्टरनंतर त्याच देवळात नव्या तबकडीच्या प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला. ब्रुझादेल्ली सकाळपासून स्पीकर मांडत होता. पावणेबाराला आनिएल्लो दाराशी उभा. मागे लोरेदाना, लाजेनं अर्धमेली.

"पपा, चार लोकांत शोभा करू नका."

"दोत्तोरे," आनिएल्लो ब्रुझादेल्लीला शिकल्यासवरल्याचा मान देत म्हणाला, "ती शेवटची घंटा ठेवलीत ना?"

"ठेवली तर! अस्सलपणा जपलाय आम्ही."

"मग बाराच्या ठोक्याला तेवढीच वाजवा. म्हाताऱ्याची हौस म्हणा."

त्या माणसानं हसत हसत बोट टेकवलं. वर घंटा पडली, खाली स्पीकरमधून घंटा पडली, आणि दोन्ही एकमेकींवर अशा घासल्या की फुलं मांडणाऱ्या दोन्ही बायांनी कानांवर हात ठेवले. स्पीकरमधली घंटा सरळसरळ वर होती. बाराही ठोके तसेच किंचाळले.

"तीच घंटा, तोच मनोरा," आनिएल्लो म्हणाला. "माझे कान उतरले म्हणता. मग ही घंटा कशी चढली? बोला की! घंटेच्या काशालासुद्धा तुम्ही तरुण केलंत?"

ब्रुझादेल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. "कबूल, सिन्योरे. आमचंच चुकलं. बदलून टाकू. पण खरं सांगू का, अर्धा सूर तो काय? ऐकणाऱ्या कुणाला कळलंय?"

आनिएल्लोनं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी लोरेदाना पुढे झाली. बापाच्या तापट स्वभावापायी जन्मभर दुसऱ्यांची माफी मागत आलेली ही मुलगी. तिचा आवाज खालचा होता, घागरीतून आल्यासारखा.

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "मला आईचा आवाज आठवतच नव्हता. दीड महिना मी रोज ओट्याशी उभी राहून रडले. तेवढं सांगा, दोत्तोरे. मी कुणासाठी रडत होते? त्या बाईचं नाव सांगा मला."