जात्यासकट खोली

निजामाच्या तहसिलीत कारकुनी लागली, पण बीड शहरात जागा मिळेना. म्हणून नदीपलीकडच्या पेठेत छबुबाईंची खोली भाड्यानं घेतली. खोलीत त्यांचं जातं होतं, जमिनीत पक्कं रोवलेलं. रोज पहाटे बाई दार ढकलून यायच्या, माझ्या उशाशी बसून ज्वारी दळायच्या आणि माझ्यावरच ओव्या गायच्या.

"उजाडलं तरी बाई, भाडेकरू लोळतो गं,
माझ्या जात्याची घरघर घोरून गिळतो गं!"

तासाभरात ही ओवी पाणवठ्यावर पोचायची. दुपारी तहसिलीतला शिपाई तीच गुणगुणत मला पाणी द्यायचा. एकदा डोकं फिरलं. म्हणालो, "मावशी, भाडं मी देतो. खोली माझी हाय!"

"खोली तुजी, जातं माजं," त्या दळता दळता म्हणाल्या. "मी जात्याकडं येती, तुज्याकडं न्हाई."

म्हटलं थांब, आता संसारच मांडतो. मग कशी घुसते बघू. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण बायको गावी चकलांब्यालाच होती; तिला घेऊन आलो. पहिल्याच पहाटे डोळे उघडले, तर दोघी जात्याला समोरासमोर बसलेल्या. छबुबाई कान देऊन ऐकत होत्या. गात होती माझी बायको, आणि तिच्यापाशी सात वर्षांचा माल होता.