इंजिन मागे घेताना

आपला जावई घरामागे विमान बांधेल, असं माझ्या वडिलांना कोणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी ठाण्याची वाटच धरली नसती. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. धाकटे दीर कोर्टात कारकून, अजून बिनलग्नाचे. पण दर रविवारी जुहूला जाऊन ते विमान चालवायला शिकले होते. शिकून झाल्यावर उडवायला विमान मिळेना, तेव्हा दोघा भावांनी आपलंच बांधायला काढलं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं होतं. त्यातलं एक छोटं इंजिन बैलगाडीतून आमच्या दारात आलं. मी ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

घरामागे गवताची रिकामी वखार होती, तिथे काम चाले. सांगाडा लाकडाचा, पंखांवरचं कापड मी मशीनवर शिवलेलं. विमान एकाच माणसाचं, आणि तो माणूस म्हणजे भाऊजी. म्हणून सगळं त्यांच्या मापाने, त्यांच्या वजनाने.

सगळ्यात किचकट काम माउंटचं. माउंट म्हणजे इंजिन धरून ठेवणारी पोलादी पाइपांची चौकट. ती केसभर वाकडी बसली तर विमान एका अंगाला ओढतं. हे इंजिनापासून शेपटीपर्यंत दोरा ताणत, ओळंबा सोडत, बोल्टांखाली पातळ चकत्या सरकवत. दोरा ताणला की घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही! मग तोल बघायचा. पंखांखाली आडवा पाइप घालून विमान त्यावर ठेवायचं आणि भाऊजींनी खुर्चीत बसायचं. पुढे इंजिन, मागे भाऊजी. पहिल्या खेपेला विमान अगदी समतल राहिलं. त्या दिवशी आम्ही श्रीखंड केलं.

पुढे पेट्रोलची टाकी चढली, आणि पुन्हा तोललं तर नाक खाली. टाकीमुळे असेल म्हणून यांनी इंजिन थोडं मागे घेतलं. म्हणजे माउंटचे पाइप कापायचे, पुन्हा जोडायचे. जोडताना तापून पाइप ओढला जातो, की परत दोरा, परत ओळंबा. महिना गेला. तोललं, तर पुन्हा नाक खाली. यांनी वेल्डरच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मी त्या दिवसांत भाऊजींच्या विजारींची कंबर आत घेत होते. “वहिनी, शिवण सैल घालता तुम्ही,” असं ते मला चिडवत. विमानाच्या नादात माणूस धड जेवत नाही, असं मला वाटे आणि मी ताटात एक पोळी जास्त वाढत असे.

तिसऱ्यांदा नाक खाली गेलं तेव्हा यांनी पाना जमिनीवर आपटला. भाऊजी खुर्चीतच होते. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “दादा, माउंटला काही झालेलं नाही. मीच हलका होतोय.”

छातीचा फोटो त्यांनी आधीच काढून आणला होता. क्षय होता, दोन्ही बाजूंना.

यांनी जमिनीवरचा पाना उचलला. मग म्हणाले, “तसं आधी सांगायचं ना रे. इंजिन आणखी मागे घेऊ.”

मला इतका संताप आला! “अहो, माणूस आहे तो,” मी ओरडले, “पाइप कापून बरा होणार आहे का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आज कळतं, कापता-जोडता येईल असं त्यांच्या हातात तेवढंच होतं.

इंजेक्शनं झाली, इस्पितळ झालं. हे रोज कामावरून सुटून तिथे जात. भाऊजींचा पहिला प्रश्न एकच, “माउंट सरळ बसला का?” ते खुर्चीत बसायला येऊ शकत नव्हते, म्हणून यांनी खाडीवरून वाळू आणून एक पोतं भरलं. नर्सला भाऊजींचं वजन विचारायचं, तेवढी वाळू ठेवायची, पोतं खुर्चीत बसवून तोल बघायचा. वजन वाढलं म्हणून वाळू घालावी लागली, असं एकदाही झालं नाही. दर खेपेला हे ओंजळीने वाळू बाहेर काढत आणि इंजिन बोटभर मागे घेत.

शेवटी एका संध्याकाळी ओळंबा, दोरा, तोल, सगळं एकाच वेळी जुळलं. हे तसेच तेलकट हातांनी इस्पितळात धावले. भाऊजींनी ऐकलं, आणि ते म्हणाले, “आता हलवू नकोस.” त्याच आठवड्यात ते गेले.

दिवस झाल्यावर वखार गवतवाल्याला परत द्यायची होती. इंजिन यांनी स्वतः उतरवलं, पंख उतरवले. खुर्चीतल्या पोत्याला मात्र यांचा हात लागेना. दोनदा वाकले आणि दोनदा बाहेर जाऊन उभे राहिले. मग मी पदर खोचला. एका बाईमाणसाच्याने ते कसं हलणार, शेजारच्या कोणाला हाक मारावी लागेल, असं मनात होतं. मी पोत्याखाली दोन्ही हात घातले. ते मला एकटीला उचलवलं.