कोरड्या बोअरचा राखणदार

धुळा मूळचा जतचा. टँकरमागं घागर घेऊन पळण्यात बालपण गेलेलं, त्यामुळं पाटणच्या डोंगरात सरकारनं मारलेली बोअर बघून तो हळहळलाच. "दीड किलोमीटर खोल, आन् पान्याचा ठिपूस न्हाई! यवढ्यात आमचं जत भिजून कर्नाटकबी भिजलं आसतं."

ती बोअर पाण्यासाठी नव्हतीच. तिच्या तळाशी भूकंपाचं यंत्र होतं. वर कुणाचं पाऊल पडलं तरी ते नोंदायचं. म्हणून भोवती कुंपण आणि कुंपणाला धुळा. आत किती आले, ते रोज वहीत लिहायचं. चार वर्षं तो एकच ओळ लिहीत होता : कोणी नाही.

एका सोमवारी यंत्राच्या नोंदी बघणाऱ्या समीक्षा मॅडम कऱ्हाडच्या कचेरीतून आल्या. वय सत्तावीस, पण फायलींनी चेहऱ्याला चाळिशी आणलेली.

"धुळामामा, रोज दुपारी साडेबाराला बोअरभोवती कोण फिरतं?"

"कोन बी न्हाई."

"यंत्रात पावलं येतात. सात फेऱ्या. रोज."

धुळानं तिकडं बघितलं. ऊन, गवत, लोखंडी झाकण. साडेबाराला तो तिथंच, दहा हातांवर भाकरी खात बसायचा.

"शुक्रवारी समिती पुढच्या तीन वर्षांचा निधी ठरवणार," मॅडम म्हणाल्या. "कारण न कळलेली नोंद दिसली तर बोअर बंद. तुम्हीही घरी, मीही. 'आत मेंढरं फिरतात' एवढं लिहून द्या."

"आवं, माझी मेंढरं जतला हाइत, भावाकडं. हितं कोकरू बी न्हाई."

"मोजायला कोण येतंय?"

आता वय, जमीन, सोयरीक यांत धुळा इकडचं तिकडं करील. पण मेंढरांचा आकडा खोटा सांगितला की तेवढी मेंढरं जातात, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पक्कं. लिहायचं, तर मेंढरं हवीतच.

बुधवारी भाऊ मल्हार टेंपोतून अकरा मेंढरं घेऊन आला. "सरकारी नोकरीत चिकटवतोस व्हय रं ह्यास्नी?" म्हणाला, आणि हसत परत गेला.

साडेबाराला धुळानं कुंपणाचं दार उघडलं. हाकलायला काठी उचलली, पण ती लागलीच नाही. मेंढरं आपसूक ओळीनं बोअरभोवती फिरू लागली. माना खाली, एकही ओरडलं नाही. धुळा मागनं चालला. सात फेऱ्या झाल्या आणि सगळी एकदम थांबली.

कऱ्हाडहून मॅडमचा फोन आला. "मामा, यंत्रात मेंढरं छान दिसली. मागं तुम्ही. पण पुढं कोण होतं?"

मेंढरू कधी आपणहून वाट काढत नाही, पुढं माणूस लागतो. जतचं शेंबडं पोरही हे सांगेल.

त्यानं वही उघडली. मग लिहिलं : मेंढरं अकरा. माणसं दोन. खाली सही.

समितीला ते एकदम पटलं. दोन मेंढके, अकरा मेंढरं, नोंदीचं कारण मिळालं! निधी मंजूर झाला. वर दोन राखणदारांच्या पगाराची सोय. मॅडम हजेरीपत्रक घेऊन आल्या. त्यात दुसरं नाव कोरं.

"कुणाला घ्यायचं?"

"जागा भरलीया, मॅडम."

त्या झाकणाकडं बघत राहिल्या. साडेबाराला पाच कमी होते. मेंढरं उठून ओळीला लागत होती.

"पगार नगं त्याला," धुळा हळूच म्हणाला. "पर हजेरी मांडा. चार वर्सं मी 'कोणी नाही' लिवलं. त्याला काय वाटलं आसंल?"