रोपाला गुंडाळलेला दोरा

मैत्रिणींनो, मिरजगावजवळ हायवे रुंद झाला आणि आमचा जुना वड गेला. त्याच जागेलगत, नव्या रस्त्याच्या कडेला मी कमरेएवढं वडाचं रोप लावलं होतं. आज वटपौर्णिमा, म्हणून सकाळपासून तिथेच उभी राहिले. "याला कुणीही दोरा गुंडाळायचा नाही," असं प्रत्येकीला ठणकावलं.

मग ऐंशीच्या भागूबाई काठी टेकत आल्या. "बाई, लगीन झाल्यापून हितंच येतेय. धनी आंथरुणाला खिळल्यात. आता कुटं जाऊ?"

मला नाही म्हणवलं नाही.

लगेच मागची एक म्हणाली, "त्यांचा नवरा जगू द्या, आन् आमचे वाऱ्यावर सोडायचे व्हय?"

दुपारपर्यंत दोऱ्यांच्या ओढीनं रोप बुडातून मोडलं.

दुसरं रोप मी लावीनच. पण पुढच्या वर्षी भागूबाईंना कुठल्या वडाकडे पाठवू, सांगा.