टार्निट ते कॅनबेरा: शनिवारी सकाळी नऊचा ठराव

"अकरा वर्षं झाली मला या देशात आणि राजधानी अजून पाहिली नाही. विमानाचं तिकीट काढू नकोस, मी गाडी काढते!" वर्षाताईने एवढं म्हटलं आणि आमची कॅनबेराची ट्रिप ठरली.

वर्षाताई माझी घरमालकीण. मूळची पुण्याची, आयटीतली. मेलबर्नजवळच्या टार्निटमधल्या तिच्या घरातली मागची खोली माझी. मी अकोल्याची, मेलबर्नला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करते. कॅनबेरातल्या एका युनीमध्ये, म्हणजे विद्यापीठात, वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांची तीन दिवसांची संसद भरणार होती आणि त्यात माझी निवड झाली होती. आमच्यासारखे परदेशी विद्यार्थी सध्या इथे इतके आले आहेत की एका खोलीसाठी रांगा लागतात. म्हणून मी आणि माझा क्लासमेट हर्षद, आम्ही दोघांनी मिळून विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांवर एक ठराव लिहिला होता. पास झालेले ठराव सगळ्या युनींना जाणार होते. आमचा ठराव पास होणार याबद्दल आम्हाला काडीचीही शंका नव्हती.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. मी, वर्षाताई आणि तिची अकरा वर्षांची लेक इरा. क्रेगीबर्नला हर्षदला उचललं. तो दोन डबे थेपले घेऊन रस्त्यावर उभाच होता, शेजारच्या गुजराती काकूंची कृपा. तिथून ह्यूम हायवे धरला की कॅनबेराच्या जरा अलीकडेपर्यंत वळायचं काम नाही. रस्ता उत्तम, पण इतका सरळ की झोप येते. म्हणून दर दोन तासांनी थांबाच. टाकी मोठ्या गावात भरा. हायवेवरच्या पंपांवर पेट्रोल हमखास महाग असतं. आम्ही ऑल्बरीला भरलं आणि तिथल्या बेकरीत मांसाचे पाई, म्हणजे सारण भरून भाजलेले मोठे पॅटिस, सोडून चीज-पालकाचे खाल्ले. गरम, खुसखुशीत, आणि चौघांचं पोट भरेल एवढे स्वस्त.

होलब्रूक नावाच्या गावात रस्त्याच्या कडेला हिरवळीत चक्क एक पाणबुडी आहे. खरीखुरी. इरा तिच्यावर चढली आणि वरून ओरडली, "मम्मा, व्हाय इज इट हिअर? देअर्स नो सी!"

"गंमत म्हणून," वर्षाताई म्हणाली.

"दॅट्स नॉट अ रीझन."

"या देशात आहे," हर्षद म्हणाला.

पुढे गंडगाईला डब्यावर बसलेल्या कुत्र्याचा पुतळा, मग मेंढ्या, मग आणखी मेंढ्या. वाटभर मी भाषणाची तालीम करत होते. चार मिनिटांचं भाषण. इरा स्टॉपवॉच लावून बसली होती. "फोर ट्वेंटी. टू लाँग," ती दर वेळी निर्विकारपणे सांगायची. यास नावाच्या गावापर्यंत पोचता पोचता मी तीन पन्नासवर आले होते आणि हर्षदला माझं भाषण माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं.

अडीचला कॅनबेरा. शहर म्हणावं तर झाडंच झाडं, रस्त्यांवर गर्दी नाही, मधोमध मोठा तलाव. वर्षाताई आणि इरा मोटेलवर गेल्या. एक सूचना: खऱ्या संसदेचं अधिवेशन चालू असलेल्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, आधीच बुक करा. आम्हा विद्यार्थ्यांची सोय युनीच्या डॉर्ममध्ये होती.

सामान ठेवून मी सभागृहात पोचायला दहा मिनिटं उशीर केला आणि तेवढ्यात माझी निवडणूक होऊन गेली होती! या संसदेत देशाप्रमाणे बसायचं नसतं. साठ सभासद, तीन गट: निवारा, काम आणि आरोग्य. प्रत्येक गटाला बोलायला आधी सारखीच मिनिटं, मग गट मोठा असेल तर थोडी जास्त. म्हणजे आम्ही भारतीय संख्येने कितीही असलो तरी सगळा वेळ आम्हीच खाऊ शकत नव्हतो. आणि काय कधी घ्यायचं हे ठरवायला कार्यक्रम समिती. प्रत्येक गटातून दोघं. निवारा गटातून माझं नाव हर्षदने सुचवलं होतं.

"मला न विचारता?"

"अगं, कोणीच हात वर करेना. वेळापत्रकच तर लावायचंय."

समितीची प्रमुख आणि संसदेची अध्यक्ष एकच होती, मेले नावाची मुलगी. टोंगाची, उंच, गोड हसणारी आणि नियमाला भलतीच पक्की. तिच्यासमोर पितळी घंटा होती आणि ती वाजली की वाक्य अर्ध्यात तुटायचं. सहा ठराव होते. शनिवारी चारांवर चर्चा आणि त्या चारांवर त्याच संध्याकाळी पाचला मतदान. रविवारी सकाळी उरलेले दोन आणि बरोबर बाराला त्यांचं मतदान. चर्चेच्या मध्येच मत घ्यायचं नाही. वेळ आधी ठरलेली असते, म्हणजे त्या वेळी सगळ्यांना हजर राहता येतं. मतदानाला निम्मे सभासद, म्हणजे तीस जण, हवेतच. नाहीतर ठराव पडला.

"क्रम कसा लावायचा?" कोणीतरी विचारलं.

"अल्फाबेट," मेले म्हणाली. "नोबडी फाइट्स विथ अल्फाबेट."

अकॉमोडेशन, म्हणजे आमचा ठराव, शनिवारी सकाळी पहिला! मी सगळ्यांत आधी हात वर केला. यादीच्या तळाशी ट्रान्सपोर्ट होता, रविवारी साडेअकराला. तो कोणाचा आहे हे मी वाचलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी सव्वासातला डॉर्मच्या किचनमध्ये टोस्टरपाशी एक मुलगी भिंतीवरची यादी वाचत उभी होती. तिने माझ्या गळ्यातला समितीचा बिल्ला पाहिला.

"दीदी, ये टाइम चेंज हो सकता है क्या? मेरी फ्लाइट संडे को साढ़े बारह की है। ग्यारह बजे तो निकलना पड़ेगा।"

ती प्रकृती. नेपाळची, ब्रिस्बेनजवळच्या टूवूंबाला नर्सिंग शिकणारी. ट्रान्सपोर्टचा ठराव तिचा होता. टूवूंबात गाडीशिवाय पान हलत नाही. तिची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, तर तिथून तासभर दूर, एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये लागलेली. शिफ्ट सकाळी सातला आणि पहिली बस नऊला. तिला गाडी चालवता येत नाही. शेजारची एक म्हातारी शेतकरीण तिला आपल्या ट्रकमधून नेऊन सोडायची, मागे दोन कुत्रे बसलेले. मग म्हातारी गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली, प्रकृतीच्या चार शिफ्ट बुडाल्या आणि आता तिला ते सगळे तास पुन्हा भरायचे होते. ठरावात ती एवढंच मागत होती: जिथे बस जात नाही तिथे युनीने विद्यार्थी पाठवायचा असेल तर आधी सांगावं आणि जाण्यायेण्याची सोय करावी.

"ब्रिस्बेनवाले सब उसी फ्लाइट से जाएंगे?" मी हिंदीतच विचारलं.

"हां, और सिडनी की बस भी ग्यारह बजे।"

मी मनात मोजलं. अकरानंतर सभागृहात तीस माणसं उरणं कठीण. तिच्या ठरावावर ना ती बोलू शकणार होती, ना मत होणार होतं. आणि त्या यादीला पहिला हात माझा होता.

नियमाचं पुस्तक माझ्याकडेच होतं. ठरलेला कार्यक्रम फक्त दिवसाच्या सुरुवातीला बदलता येतो. बैठकीच्या एक तास आधी लेखी अर्ज, त्यावर सहा सह्या. बैठक नऊला, म्हणजे माझ्याकडे आठपर्यंत वेळ होता. आणि एका ठरावाला वर आणायचं तर दुसऱ्या कोणाला तरी खाली जावं लागणार. दुसऱ्या कोणाला म्हणजे कोणाला, हे मला कळत होतं.

मी पेपर टॉवेलवरच अर्ज लिहिला: पहिल्या आणि शेवटच्या ठरावाची अदलाबदल. सह्या मिळवणं मजेशीर होतं. व्हिएतनामच्या मुलीने तोंडात ब्रश ठेवूनच सही केली. फिजीच्या मुलाने "नो वरीज" म्हणून न वाचताच केली, मग मी त्याला बळेच वाचायला लावलं. सहा झाल्या, आणखी एक हाताशी असावी म्हणून सातवी सही मागायला गेले तो समोर हर्षद.

त्याने अर्ज वाचला. "हे काय आहे, स्नेहल?"

मी सांगितलं.

"रविवारी कोरम होणार नाही, माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"ठराव आपला आहे. तुझ्या एकटीचा नाही. सहा आठवडे मी पण जागलोय त्याच्यावर. मला एकदा विचारायचंस तरी!"

 विचारायला हवंच होतं. "चुकलं माझं," मी म्हणाले, "पण मागे नाही घेणार."

"मग मी विरोधात बोलणार."

आठला तीन मिनिटं कमी असताना मी तो टॉवेल मेलेच्या हातात दिला. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "द रूल सेज रिटन. इट डझंट से पेपर," असं म्हणत तिने त्यावर वेळ टाकली.

नऊला घंटा वाजली. वर्षाताई आणि इरा प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसल्या होत्या, बिचाऱ्या माझं चार मिनिटांचं भाषण ऐकायला. कार्यक्रम बदलण्यावर बाजूने एक जण, विरोधात एक जण, एकेक मिनिट.  मी म्हणाले, "काल ही यादी लावताना मी आनंदाने हात वर केला, कारण माझा ठराव पहिला होता. खाली कोण आहे ते मी पाहिलं नाही. ज्या मुलीकडे आज सांगण्यासारखं आहे ती उद्या तिच्या ठरावाच्या वेळी विमानतळावर असेल. आमचा ठराव उद्या घ्या. तिचा आज घ्या." घंटा वाजायला अजून बरीच सेकंदं बाकी होती. मी बसले.

हर्षद उठला. तो चांगलाच बोलला. आयत्या वेळी यादी बदलली तर रात्रभर तयारी करून आलेल्यांवर अन्याय होतो, आणि आज हे केलं तर उद्या प्रत्येकाला आपली वेळ बदलून हवी असेल. शब्दाशब्दात तथ्य होतं. हिरवी आणि लाल कार्डं वर झाली. मेलेने दोनदा मोजली. बाजूने एकतीस, विरोधात चोवीस, बाकीचे तटस्थ.

प्रकृतीने माईकपाशी जाऊन आधी नुसतं कागदावरून वाचायला सुरुवात केली. मग म्हातारीच्या ट्रकमधल्या कुत्र्यांची गोष्ट आली, सभागृह हसलं आणि तिचा आवाज मोकळा झाला. कंबोडियाच्या एका मुलाने दुरुस्ती सुचवली: सोय म्हणजे नुसतं बसचं तिकीट नव्हे, असं स्पष्ट लिहा. ती स्वीकारली गेली. संध्याकाळी पाचला मतदान झालं. बाजूने त्रेचाळीस! तिच्या आरोग्य गटाने बाकं वाजवली आणि घंटेला कोणीही दाद दिली नाही. मेलेनेही मग ती खाली ठेवली.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं तलावाकाठी चालायला गेलो. काठाने पक्की वाट आहे, सूर्यास्ताला जाच. काळे हंस अगदी पायाशी येतात. हर्षद इराबरोबर हंस मोजत होता. मग म्हणाला, "कुत्र्यांची गोष्ट भारी होती."

"हो."

"उद्या आपलं भाषण तू कर. मी दारात उभा राहतो आणि लोकांना जाऊ देत नाही."

आणि रविवारी तो खरंच दारात उभा राहिला. कोणाला बिस्किटं दिली, कोणाला पाच मिनिटं थांब म्हणून गळ घातली. बाराला मेलेने मोजलं. अठ्ठावीस. इराने हात वर केला, "कॅन मम्मा अँड मी काउंट?" मेलेने अतिशय गंभीरपणे नियम पाहिला आणि म्हणाली, "सॉरी, डार्लिंग. नेक्स्ट टाइम." दोन माणसांनी आमचा ठराव पडला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हर्षदकडे पाहिलं तर तो घामाघूम होऊन हसत होता, तोंडात उरलेलं शेवटचं बिस्किट.

सोमवारी खरी संसद. प्रवेश फुकट, सुरक्षेची रांग लागते, सकाळी लवकर जा. छतावरच्या हिरवळीवरून अख्खं शहर दिसतं. दुपारचा प्रश्नोत्तरांचा तास पाहायचा तर आधी बुकिंग करा. आम्ही सकाळची बैठक पाहिली. हिरव्या सभागृहात जेमतेम मूठभर सदस्य होते. ठरावावर चर्चा झाली, मत मागितलं गेलं आणि अध्यक्षांनी ते पुढच्या वेळेवर ढकललं. बाहेर गाइडने सांगितलं की सोमवारी सकाळची मतं नंतर एकदम घेतात. एरवी मतदानाच्या घंटा चार मिनिटं वाजतात, सगळे धावत येतात आणि मग दारं बंद.

"चार मिनिटं! आणि मी अर्धा तास दारात बिस्किटं वाटत होतो," हर्षद म्हणाला.

दुपारी परत फिरलो. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून वर्षाताईने वेग कमी ठेवला. आम्हाला एक दिसला, कुंपणापलीकडे, आमच्याकडे बघत. हर्षदला क्रेगीबर्नला सोडलं आणि टार्निटला पोचून आधी खिचडी टाकली.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. प्रकृतीचा मेसेज आला होता. तिच्या युनीच्या प्लेसमेंट फॉर्मवर एक प्रश्न वाढला आहे: तुमच्याकडे गाडी आहे का? "नाही" लिहिणाऱ्यांना एकत्र नेणारी व्हॅन आठवड्यातून चार दिवस सुरू झाली आहे. आमच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. तिथल्या लोकांनी बरंच आधीपासून मागणी केली असणार. पण त्या व्हॅनमधून सहा जणी जातात आणि फोटोत सगळ्या जांभई देत हसताहेत. मला मात्र एक सवय लागली आहे. कुठलीही यादी हातात आली की मी आधी तळ वाचते.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी अकोल्याला फोन केला होता. बाबांनीच उचलला.

"काय गं, झाला का तुझा ठराव पास?"

"माझा नाही झाला, बाबा. एका नेपाळच्या मुलीचा झाला. मी माझी वेळ तिला दिली होती."

 बाबांनी फोन तोंडापासून लांब नेऊन आतल्या खोलीकडे हाक मारली, "अगं ऐकलंस का? पास झाला!"